मंगळवारची सहा पन्नासची नोंद

१

यंत्राने मालकिणीचा हुकूम मोडला तो शनिवारी सकाळी साडेसहाला, आणि सात वाजायच्या आत त्याचा आळ इकरावर आलाही होता.

रोह्याला चंद्रावतीबाई अंगणातल्या अळूला पाणी घालत होत्या. फाटक धाडकन उघडलं आणि इकरा आत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्या पाहूनच बाईंनी तांब्या खाली ठेवला.

"बाई, दत्तूशेट म्हणतात मी त्यांचं मशीन लॉक केलं. चार वाजेपर्यंत उघडून दिलं नाय तर पेणच्या पोलिसांत तक्रार देणार."

"केलंस?"

"बाई!"

"विचारावं लागतं गो. बस आधी. पाणी पी."

इकरा बाईंची जुनी विद्यार्थिनी. बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर घराच्या पडवीत आठ छोटे संगणक मांडले. तळहातावर मावणारे, लिनक्सवर चालणारे. मुलांनी ते इतक्या परींनी बिघडवले, की दुरुस्ती बाई मुलांमुळेच शिकल्या. त्या मुलांतली सगळ्यात हुशार ही. आता चोवीस वर्षांची होती आणि तसल्याच संगणकावर तिने हमरापूरच्या दत्तात्रेय घरतांच्या गणपती कारखान्यात मूर्ती वाळवायची खोली चालवून दाखवली होती. शाडूची मूर्ती भरभर वाळली तर तडकते, सावकाश वाळली तर बुरशी धरते. पंखे केव्हा, किती फिरवायचे, हे ते यंत्र ठरवायचं. इकरा दर मंगळवारी आणि गुरुवारी जाऊन त्याची देखभाल करायची.

"आज सकाळी शेटची मुलगी नम्रताताई नव्या मूर्तींसाठी पंख्यांचा वेग बदलायला बसली," इकरा सांगू लागली. "मशीनने सुडोलाच नकार दिला."

बाईंच्या भुवया वर गेल्या. लिनक्समध्ये एकच सर्वाधिकारी असतो, त्याला रूट म्हणतात. रोजच्या कामाला कोणी रूट होऊन बसत नाही. गरजेपुरते त्याचे अधिकार मागून घ्यायचे असतील, तर सुडो नावाच्या छोट्या प्रोग्रामला पासवर्ड देऊन विनंती करायची. त्या सुडोनेच पाठ फिरवली म्हणजे घरातली सगळी कुलपं एकदम अडकल्यासारखं झालं.

"पण तुझ्यावरच का?"

"परवा मी त्यांना सांगितलं, जोह्याच्या पोपटशेटनी पण त्यांच्या कारखान्यात असलंच मशीन लावायला बोलावलंय. त्यांना वाटतं, तिकडे जायच्या आधी मी इकडचं बंद पाडलं." तिने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "बाई, या कामात मशीन कोण बघतो? नाव बघतात. पोलिसांत नाव गेलं की हमरापूर-जोह्यातला एक कारखाना मला दारात उभं करायचा नाय."

बाई आत गेल्या, पिशवीत चष्मा आणि वही टाकली आणि चपला चढवल्या.

"गाडीने पेणपर्यंत जाऊ, तिथून हमरापूरला रिक्षा मिळते. चल."

२

"बाई, तुम्ही मास्तरीण. तुमचा मान हाय. पण ही पोरगी फाटकाच्या आत नाय येणार."

दत्तूशेट फाटकात दोन्ही हात पसरून उभे होते. साठीचे, काटक, नखांत मुरलेला पांढरा शाडू.  इकरा बाहेरच्या बदामाखाली जुन्या साच्यांच्या ढिगाजवळ जाऊन बसली.

आत वाळवणीच्या खोलीत दीडशे मूर्ती ओळीने बसल्या होत्या, अजून रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. कोपऱ्यात टेबलावर यंत्र, पडदा, कीबोर्ड. समोर दत्तूशेटची मुलगी नम्रता, केस विस्कटलेले.

"सकाळपासून हेच येतंय बघा," ती म्हणाली.

पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. ती घाबरून सगळ्यांनी पाहिली होती, शेवटपर्यंत कोणी वाचली नव्हती. बाईंनी चष्मा चढवून वाचली आणि त्या थबकल्या. "तुला परवानगी नाही" असं यंत्र म्हणतच नव्हतं. ते म्हणत होतं, सुडो हा प्रोग्राम रूटच्या मालकीचा असला पाहिजे.

असला पाहिजे. म्हणजे आता नाही?

"जरा मला बसू दे."

फायलींची यादी पाहायला अधिकार लागत नाहीत. बाईंनी ती मागवली. प्रत्येक फायलीपुढे तिच्या मालकाचं नाव येतं. तिथे रूट, रूट, रूट असं दिसायला हवं होतं. वरपासून खालपर्यंत बाईंची नजर गेली. प्रत्येक ओळीत एकच नाव होतं, नम्रता.

त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. नम्रता पदराने घाम पुसत होती.

"या नावाने आत कोण कोण जातं?"

"सगळेच. मी, हितेश, इकरा. पासवर्ड तो काय, भिंतीवर."

खरोखरच भिंतीवर खडूने पासवर्ड लिहिलेला होता. बाईंमधली शिक्षिका कळवळली, पण आत्ता ती वेळ नव्हती. त्यांनी पुन्हा कीबोर्डकडे हात नेला. एंटरच्या बटणावर लाल डाग होता, इतर एकाही बटणावर नव्हता. कारखान्यात रंगाला काय तोटा? पण रंग असता तर सुकून घट्ट बसला असता. बाईंनी बोट घासलं, तर बोटाला कोरडी लाल पूड लागली.

 मग त्यांनी शेवटचा एक प्रश्न यंत्राला विचारला, की ही मालकी बदलली केव्हा. फाइल कोणीही हलवली, तिचा मालक बदलला, की लिनक्स ती वेळ नोंदवून ठेवतं. सगळ्या फायलींवर एकच वेळ होती, दोन-चार मिनिटांच्या फरकाने.

मंगळवार, संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं.

मागे उभ्या दत्तूशेटनी ती तारीख वाचली आणि टेबलावर थाप मारली.

"घ्या! मंगळवारी तिन्हीसांजेला आम्ही सगळे पेणला पूजेचं सामान आणायला गेलेलो. माती मळणारी आमची शकू मागे होती, तिने डोळ्यांनी बघितलंय, या खोलीत एकच माणूस होतं."

त्यांनी खिडकीतून बदामाकडे बोट दाखवलं.

३

बाई लगेच बाहेर गेल्या नाहीत. विद्यार्थिनीवरच्या मायेने उत्तर ठरवायचं नाही, ही शिस्त त्यांनी पेपर तपासताना आयुष्यभर पाळली होती. त्यांनी आधी हितेशला बोलावलं.

हितेश हा दत्तूशेटचा पुतण्या. तिशीतला, पेणला संगणकाचा कोर्स केलेला, कोपरापर्यंत रंग लागलेला. साच्यावर टेकूनच तो म्हणाला, "विचारा बाई. मी पण लिस्टमध्ये हाय ना? असणारच. कारखाना नमूताईला दिला, मला पोळी-भाजी दिली."

"दिला म्हणजे?"

"बुधवारी अक्षय्य तृतीया झाली ना, काकांनी कारभार तिच्याकडे सोपवला. पूजा, भटजी, पुरणपोळी, सगळा गाव. मी पंधरा वर्षं साचे उचलतोय, मला एक टॉवेल."

"राग आला?"

"आला ना. टॉवेल चांगला नव्हता." मग तो हसायचा थांबला. "राग आला बाई, खोटं नाय बोलत. पण नमूताई आखणी करते तशी डोळ्याची रेघ माझ्या बापजन्मात जमायची नाय. तिलाच मिळायला पाहिजे होता. पूजेची सगळी धावपळ मीच केली की. ती पण कसली! आदल्या दिवशी वाऱ्याने खाडीकडचा खांब आडवा झाला, पाच वाजता लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दहाला आली. इंटरनेट तर रात्री आलं. लाईट येईपर्यंत भटजीबुवा घामाने असे निथळत होते, मला वाटलं विसर्जन इथंच होतंय."

बाई हसल्या, वहीत दोन शब्द लिहिले आणि त्यांनी नम्रताला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"तुला कारखाना हवा होता?"

नम्रता गोंधळली. "हवा होता. पण बाबांनी असा एकदम... एक खिळासुद्धा स्वतःच्या नावावर ठेवला नाय. मी नको म्हटलं तर म्हणाले, अर्धं दिलेलं दिलेलं नसतं."

"इकराबद्दल काय वाटतं?"

"ती असं करणार नाय." मग खाली बघत, "पण मशीन खोटं बोलेल का, बाई?"

बाईंनाही तेच सलत होतं. यंत्र खोटं बोलत नाही. त्या उठल्या आणि बदामाखाली गेल्या.

"इकरा, मंगळवारी संध्याकाळी सहा पन्नासला तू कुठे होतीस?"

इकराने वर पाहिलं. "इथंच बाई. वाळवणीच्या खोलीत. एकटीच होते."

४

 फाटकातून दत्तूशेट ऐकत होते. "कबूल झाली!" ते ओरडले. "हितेश, रिक्षा बोलव. चार कशाला वाजायला पाहिजेत?"

"थांबा." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण पाचवीच्या वर्गाला गप्प करणारा होता. दत्तूशेट थांबले. "इकरा, त्या खोलीत काय करत होतीस?"

"खिडक्या उघडत होते. सगळ्या मूर्ती ओल्या, आणि पंखे बंद. हवा कोंडली असती तर पांढरी बुरशी आली असती. म्हणून सातची गाडी सोडली आणि एकेक खिडकी मोजून चार बोटं उघडली."

"पंखे बंद का होते?"

इकराने अशा नजरेने पाहिलं, की बाई आज असं काय विचारतायत.

"लाईट नव्हती ना, बाई."

बाईंनी वही उघडून हितेशच्या बोलण्यातले ते दोन शब्द पुन्हा वाचले. 

"दत्तूशेट," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला बॅटरी आहे?"

"नाय. लाईटवर चालतंय."

"मग मंगळवारी पाच वाजता वीज गेल्यावर ते बंद पडलं असेल."

"पडणारच."

"बंद पडलेल्या यंत्राला सहा पन्नासला हुकूम दिला कोणी? आणि पाळला कोणी?"

 हितेशच्या हातातला रिक्षावाल्याला लावलेला फोन "हॅलो, हॅलो" करत होता.

५

सगळे वाळवणीच्या खोलीत जमले. या वेळी इकराही आत आली. फाटकात कोणी हात पसरले नाहीत.

"म्हणजे मशीन खोटं बोललं?" नम्रताने विचारलं.

"नाही. त्याला जे माहीत होतं ते त्याने खरंखरं सांगितलं." बाईंनी ती हातभर वायरींची छोटी डबी उचलून दाखवली. "भिंतीवरच्या घड्याळात सेल असतो, तुमच्या मोबाईलमध्ये बॅटरी असते. या बिचाऱ्याकडे काहीच नाही. वीज गेली की याचं घड्याळ थांबतं. पुन्हा जागं झालं की इंटरनेटवर वेळ विचारून घेतं. आणि इंटरनेट नसेल तर? वर्गात डुलकी लागलेल्या मुलाला उठवलं तर तो मागच्याच तासाचं पुस्तक काढतो ना, तसं हे करतं. झोपलं तेव्हा मंगळवारचे पाच वाजले होते. उठलं तेव्हा याच्या लेखी मंगळवारचे पाचच वाजले होते."

"पण उठलं तर बुधवारी," इकरा एकदम म्हणाली. "दहाला."

"आणि इंटरनेट आलं रात्री. म्हणजे बुधवारी दिवसभर हे यंत्र मंगळवारातच जगत होतं. आता तूच गणित कर. याच्या घड्याळाने पाचपासून सहा पन्नासपर्यंत किती वेळ?"

"एक तास पन्नास मिनिटं."

"दहामध्ये मिळव."

"अकरा पन्नास." इकराने वर पाहिलं. "बुधवारी दुपारी. पण बाई, बुधवारी मी आलेच नव्हते. पूजा होती म्हणून मला सुट्टी होती."

 बाईंनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बुधवारी अकरा पन्नासला या टेबलापाशी कोण होतं?"

 नम्रता मागे सरकली ती शेल्फवर आदळली. एक मूर्ती डुगडुगली, हितेशने ती वरच्यावर धरली.

"मुहूर्त," ती पुटपुटली. "अकरा पन्नासचा मुहूर्त होता."

"काय केलंत त्या मुहूर्तावर?"

उत्तर हितेशने दिलं. त्याचा नेहमीचा खोडकर सूर पार गळाला होता. "काका म्हणाले, सगळं नमूच्या नावावर कर. साच्यांना तिच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, लाईट बिलाचा अर्ज भरला. मग म्हणाले, संगणक राहिला. म्हणून मी मोबाईलवर शोधलं, मालकी कशी बदलायची. एक ओळ सापडली. काका म्हणाले, आतलं एक खातं पण सोडू नको. म्हणून मुळापासून सगळ्या फायली..."

"टाईप तू केलंस. मग?"

"एंटर मुहूर्तावर नमूताईने दाबलं. दत्तूकाकांनी आधी बटणाला कुंकू लावलं. भटजींनी अक्षता टाकल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

बाईंनी आपलं लाल झालेलं बोट वर केलं.

"टाळ्या वाजवल्या," दत्तूशेट स्वतःशीच म्हणाले. त्यांनी खाली बसायला काहीतरी शोधलं आणि शाडूच्या गोणीवरच बसले. "पण बाई, सगळं तिला दिल्यावर तिचा अधिकार गेला कसा? वाढायला पायजे होता!"

"तलाठ्याच्या टेबलावर शिक्का असतो ना? त्याच्या एका ठोक्याने उतारा खरा होतो. समजा तो शिक्का तुम्ही घरी आणलात आणि नम्रताच्या नावावर केलात. उद्या तिने त्याने कागद उठवला तर चालेल?"

"छ्या. कोण मानेल?"

"शिक्क्यात ताकद आहे ती तो सरकारचा आहे म्हणून. सुडो हा तसा शिक्का आहे. तो रूटचा असेपर्यंत नम्रताला सगळे अधिकार देऊ शकत होता. तुम्ही तो नम्रताचा केलात, तेव्हाच त्याची ताकद गेली. बाकी कामं आधीच सुरू होती, ती चालत राहिली, म्हणून तीन दिवस कोणाला पत्ता लागला नाही, गुरुवारी इकरालाही नाही."

"म्हणजे मीच..." नम्रताने दोन्ही हात तोंडावर घेतले. "बाई, मीच एंटर दाबलं आणि सकाळी बाबांना मीच म्हटलं, गुरुवारी इकरा शेवटची बसली होती."

६

इकराने पिशवीतून लॅपटॉप काढला होता. यंत्रातलं नखाएवढं मेमरी कार्ड तिने बाहेर ओढलं. "इतक्या फायलींचे मालक एकेक करून परत लावण्यापेक्षा नव्या कार्डावर नवीन सिस्टिम टाकते. वाळवणीचा प्रोग्राम आणि नोंदी त्यावर उतरवते. दोन तास लागतील. तोवर खिडक्या चार बोटं उघडा."

हितेश मुकाट्याने खिडक्यांकडे गेला. दत्तूशेट गोणीवरून उठले. त्यांनी हात जोडायला सुरुवात केली, तसं इकराने मान वर न करता विचारलं, "मला माफी नको, शेट. तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

"काय?"

"मी मशीन लॉक केलं म्हणून. सकाळपासून कोणाला सांगितलंत?"

दत्तूशेट बोटांवर मोजू लागले. "जोह्याच्या पोपटशेटला. मातीवाल्याला. शेजारच्या दोन कारखान्यांत." ते थांबले.

"आणखी कोणाला, बाबा?" नम्रताने विचारलं.

 दत्तूशेट जमिनीकडे बघत म्हणाले, "अब्दुलला."

इकराने कीबोर्डवरचे हात काढले. अब्दुल म्हणजे तिचे वडील, अकरा वर्षं कुवेतला. एके काळी त्यांनी आणि दत्तूशेटनी एकाच टेम्पोवर काम केलं होतं.

"माझ्या अब्बांना तुम्ही फोन केलात?"

"डोकं फिरलं होतं गो माझं. म्हटलं, तुझ्या पोरीने घात केला."

चंद्रावतीबाईंनी आयुष्यात खूप गोष्टी सोडवल्या होत्या. ही त्यांच्या वहीत बसणारी नव्हती. त्यांनी फक्त दत्तूशेटच्या खिशातला फोन काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "स्पीकरवर."

बराच वेळ रिंग वाजली. मग खरखरीतून आवाज आला.

"बोला दत्तूशेट."

"अब्दुल... सकाळी बोललो ते खोटं होतं. चूक आमचीच होती, आमच्या घरातली. तुझ्या पोरीने कायपण केलेलं नाय. उलट तिने मूर्ती वाचवल्या. मला..." 

 पलीकडे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"मला माहीत होतं," अब्दुल म्हणाले.

"इकराने सांगितलं तुला?"

"तिला मी विचारलंच नाय. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, बापाला पण शंका हाय."

इकराने बाईंकडे पाहिलं.  "नऊ वाजता अब्बांचा फोन आला होता, गाडीत. कधी शिफ्टमध्ये करत नाहीत. नुसतं विचारलं, जेवलीस का."

"ती तिथं हाय काय?" फोनमधून आवाज आला. "आता फोन देऊ नका तिला. रडत बसेल. काम संपवू दे."

फोन बंद झाला. इकराने डोळे ओढणीने पुसले, नवं कार्ड लॅपटॉपमध्ये सरकवलं आणि पडद्यावर नजर लावली. अक्षरं तिला दिसत होती की नाही, देव जाणे.

"पुढचा कोण?" बाईंनी विचारलं.

"पोपटशेट," दत्तूशेट म्हणाले, आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा स्पीकरचा आवाज त्यांनी आणखी वाढवला.